पूर्वसमुद्रावरील वारी

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, माळशिरस तालुक्यात, वेळापूर नावाचे एक प्राचीन गाव आहे. आषाढीच्या दिवसांत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी माळशिरसहून निघून या गावी मुक्कामास येते. गावाजवळच्या उंचवट्यावरून पंढरीचे कळस दिसतात, या श्रद्धेने वारकरी तेथून धावत सुटतात. त्यास ‘धावा’ असे म्हणतात. गावात अर्धनारीनटेश्वराचे जुने देवालय असून यादव राजा रामचंद्रदेव याच्या काळचे मराठी शिलालेख येथे सापडले आहेत. संस्कृतात ‘वेला’ या शब्दाचा एक अर्थ समुद्रतीर असा आहे. परंतु वेळापुराच्या नावात त्या शब्दाचा भास होत असला, तरी समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी सव्वाशे मैलांच्या आसपास दूर आहे. ज्वारीचे शिवार, काळी जमीन आणि पावसाची वाट पाहणारे आकाश, हाच या मुलखाचा परिचय. येथील माणसास प्रवास म्हटला म्हणजे वारी आठवते, आणि वारी ही पायांनी करावयाची असते.

तथापि दूरचा समुद्र आणि ही भूमी यांचा संबंध अगदीच तुटलेला कधीच नव्हता. रामचंद्रदेव देवगिरीस राज्य करीत असताच, इ. स. १२९२ च्या सुमारास, मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी चीनचा किनारा सोडून सुमात्र्याच्या वाटेने हिंदुस्थानकडे आला, आणि त्याच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या बंदराचाही उल्लेख आहे. कोकणची बंदरे, लंका, मलाक्क्याची सामुद्रधुनी आणि चीन ही एका जुन्या जलमार्गावरील मुक्कामाची ठिकाणे होत. पालखीचे मुक्काम जसे पिढ्यान्पिढ्या ठरलेले, तसेच या मार्गाचेही. या मार्गावरून सोने गेले, मसाले गेले, देव गेले, सैन्ये गेली. परंतु सोलापूरच्या एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने १९३८ साली या मार्गाने जो प्रवास केला, त्याची जात निराळी होती. त्याचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत नोकरीस होते. सोलापूर हे त्या काळी गिरण्यांचे, हातमागांचे आणि चळवळींचे शहर होते. १९३० च्या मे महिन्यात तेथे लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. ज्या गावाने हे पाहिले, त्या गावचा मुलगा मुंबईस जाऊन शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाला. पुढे रुग्णालयातील अनुभव, वरची परीक्षा, मग सोलापुरात दवाखाना, असा सरळ आणि मध्यम वर्गाच्या घरास समाधान देणारा रस्ता त्याच्यापुढे मोकळा होता.

परंतु त्या सुमारास चीन देशात आग लागलेली होती. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि तिच्यातून जपानने चीनवर सर्वंकष युद्ध लादले. शांघाय पडले, नानकिंग पडले. चिनी आठव्या सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र पाठवून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशापुढे हात पसरला. लोकांनी निधी दिला. स्वतः परतंत्र असलेला देश, ज्याच्याजवळ आपले सैन्य नाही, आपले परराष्ट्रखाते नाही, तो दुसऱ्या संकटग्रस्त देशास डॉक्टर पाठवू लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

पथकात पाच जणांची निवड झाली. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, हे स्पेनमधील यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करून आलेले होते. उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर, पन्नाशी उलटलेले, वयाने सर्वांत वडील. सोलापूरचे डॉ. कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू. डॉ. बसूंच्या जागी प्रथम दुसऱ्या एका डॉक्टरांची योजना होती. परंतु त्यांच्या राजकीय मतांमुळे सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला. पाचांपैकी दोघे महाराष्ट्र व विदर्भ या मराठी मुलखातले होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हे पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले ते पी. अँड ओ. कंपनीच्या ‘राजपुताना’ या आगबोटीने. ही बोट म्हणजे काय चीज होती, हे सांगितल्याशिवाय त्या प्रवासातील विरोध नीट कळणार नाही. ‘रांची’, ‘रणपुरा’, ‘रावळपिंडी’ व ‘राजपुताना’ अशी चार भावंडे या कंपनीने १९२५ च्या सुमारास समुद्रात उतरविली. प्रत्येक बोट साडेसोळा हजार टनांच्या घरातली, पावणेदोनशे वारांहून लांब. पहिल्या वर्गात सुमारे तीनशे आणि दुसऱ्या वर्गात जवळजवळ तेवढ्याच उतारूंची सोय. बोटीवर वाद्यसंगीताचा दिवाणखाना, धूम्रपानाची खोली, वाचनालय, आणि डेकवर दोराच्या चकत्यांचे खेळ. संध्याकाळच्या भोजनास विशिष्ट पोषाख केल्याशिवाय पहिल्या वर्गात कोणी येत नसे. मलायातील रबराचे मळेवाले, सिंगापूरचे व्यापारी, हाँगकाँगचे अंमलदार आणि त्यांच्या स्त्रिया यांची वर्दळ या मार्गावरील बोटींवर नेहमीच असे. समुद्रावर तरंगणारे ते एक लहानसे साम्राज्यच होते, आणि साम्राज्याप्रमाणेच त्यातही मजले होते.

सर्वांत वरच्या मजल्यावर सुख होते. परंतु ते सुख ज्यांच्या हातांवर उभे होते, ते हात बहुधा आपलेच होते. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकचे खलाशी बहुतकरून रत्नागिरीकडचे आणि काठेवाड-गुजराथकडचे मुसलमान दर्यावर्दी असत. त्यांचा मुखिया सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल. खाली भट्टीपाशी कोळसा ओढणारे आगवाले पंजाबकडचे, आणि भोजनगृहात शुभ्र पोषाखात वाढणारे बटलर गोव्याचे. रत्नागिरीचा खलाशी ज्या डेकला पहाटे पाणी मारून लखलखीत करी, त्याच डेकवर साहेबलोक सकाळी फेऱ्या घालीत. मुंबई सोडून हजारो मैल दूर गेल्यावरही बोटीच्या पोटात कोकणी बोली ऐकू येत असे.

याच ‘राजपुताना’ बोटीवर बरोबर सात वर्षांपूर्वी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून विलायतेस निघाले होते. त्यांनी दुसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि डेकवर प्रार्थना केली. त्या वेळी बोट पश्चिमेस गेली होती. एका परतंत्र देशाचा प्रतिनिधी आपल्या देशासाठी काही मागण्यास चालला होता. १९३८ साली तीच बोट पूर्वेस वळली, आणि त्याच परतंत्र देशाचे पाच प्रतिनिधी दुसऱ्या देशास काही देण्यासाठी चालले होते. त्यांच्या सामानात औषधे, शस्त्रक्रियेची साधने आणि जखमींसाठी एक मोटारगाडी होती.

मुंबई ते कँटन या वाटेवरून औषधे जावीत, यातही इतिहासाचा एक न्याय आहे. शंभर वर्षांपूर्वी याच वाटेने माळव्याची अफू मुंबईत गलबतांवर चढून चीनकडे जात असे. मुंबईतील कित्येक मोठ्या श्रीमंतीचा पाया त्या व्यापाराने घातला. चीन सरकारने अफू जप्त करून नष्ट केली, तेव्हा १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजांनी युद्ध केले, आणि त्यात लढविण्यासाठी हिंदी पलटणी नेल्या. पुढील युद्धांतही हिंदी शिपाई चीनच्या भूमीवर उतरले. म्हणजे चिनी माणसाने हिंदी माणूस पाहिला तो प्रायः अफूच्या पेटीमागे किंवा बंदुकीमागे. ते कर्ज फार जुने होते. पाच डॉक्टर आणि काही पेट्या औषधे यांनी ते फिटणारे नव्हते. पण फेडण्यास आरंभ तरी झाला.

पी. अँड ओ. च्या पूर्वेकडील मार्गावर मुंबईनंतर कोलंबो, पेनांग, सिंगापूर आणि हाँगकाँग ही बंदरे लागत. सुखासाठी प्रवास करणाऱ्या उतारूंची प्रत्येक बंदरातील दिनचर्या ठरलेली होती. कोलंबोस रत्नांचे व्यापारी आणि कँडीची सहल. पेनांगला १९२३ साली सुरू झालेल्या दोराच्या आगगाडीतून टेकडीवर जाऊन थंड हवा खाणे. सिंगापुरास पाण्यात टाकलेले पैसे बुडी मारून काढणारी मुले आणि १८८७ पासून प्रसिद्ध असलेले रॅफल्स हॉटेल. हाँगकाँगला डोंगराच्या शिखरावर जाणारी ट्राम आणि रात्रीच्या दिव्यांची शोभा. प्रवासपत्रिकांत या गोष्टींची चित्रे असत. त्या बंदरांत राहणारी माणसे मात्र त्या चित्रांत क्वचितच येत.

पेनांगचेच उदाहरण घ्यावे. या बेटावर इंग्रजांनी १७८६ साली निशाण लावले. समोरचा किनारा केडा संस्थानचा. जुन्या तमिळ लेखांतील ‘कडारम्’ तो हाच. इ. स. १०२५ च्या सुमारास राजेंद्र चोळाच्या आरमाराने तेथे स्वारी केली होती, आणि त्याच्याही आधीपासून हिंदी व्यापारी आणि बौद्ध व शैव उपासक तेथे वस्ती करून होते. एकोणिसाव्या शतकात मुंबई-मद्रासकडील जन्मठेपीचे कैदी या बंदरांत आणले गेले. त्यांनी तेथील रस्ते बांधले, सिंगापुरातील सेंट अँड्र्यूचे भव्य देऊळ बांधले. १८६७ पर्यंत या वसाहतींचा कारभार हिंदुस्थान सरकारच्याच हाती होता. पुढे रबराच्या मळ्यांवर तमिळ मजूर आले. चक्रवर्ती, व्यापारी, कैदी आणि मजूर अशा चार वेषांत हिंदी माणूस या किनाऱ्यावर पूर्वीच उतरलेला होता. जिंकण्यास नव्हे, विकण्यास नव्हे, शिक्षा म्हणून नव्हे आणि पोटासाठीही नव्हे, अशा रीतीने या वाटेने जाणारे हे पाच डॉक्टर विरळाच.

या बंदरांतील चिनी वस्तीची स्थितीही त्या वर्षी पाहण्याजोगी होती. सिंगापूर व पेनांग येथे चिनी लोकांची संख्या फार मोठी. तीन-तीन पिढ्या मलायात गेल्या, तरी त्यांचे चित्त मायदेशी होते. दुकानदार, रिक्षावाले, शाळकरी मुले युद्धनिधीसाठी वर्गणी देत होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्हणजे ‘राजपुताना’ तेथून गेल्यानंतर महिन्याभरातच, तान काह-की या रबराच्या उद्योगपतींच्या नेतृत्वाखाली दक्षिणसमुद्रातील चिनी लोकांची मध्यवर्ती निधिसमिती सिंगापुरात स्थापन झाली. बंदरावर उतरून रेशमी कापडाचा भाव विचारणाऱ्या उतारूस दुकानदाराच्या घरी कोणते दुःख आहे, हे कळण्याचे कारण नव्हते. तिकडे सिंगापूरचा प्रचंड आरमारी तळ त्याच वर्षी फेब्रुवारीत समारंभपूर्वक खुला झाला होता. तो अभेद्य आहे, अशी सर्वांची समजूत होती. चीनमधील लढाई ही परक्याची लढाई, असाच तेथील राज्यकर्त्यांचा ग्रह होता.

हाँगकाँग हे तर विरोधाचे शिखरच. १८४२ च्या तहाने चीनपासून घेतलेल्या या बेटावरील उंच डोंगरात चिनी माणसास राहण्याची बंदी १९०४ च्या कायद्याने घातली गेली होती. ती १९४६ पर्यंत उठली नाही. ज्यांचा देश, त्यांनी खाली राहावे, पाहुण्यांनी वर. बोटीवरचे मजले येथे दगडामातीत बांधलेले दिसत होते.

हाँगकाँगला बोटीचे सुख संपले. तेथून डॉक्टर १७ सप्टेंबर १९३८ रोजी कँटनला पोहोचले. डॉ. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. मुंबई सोडल्यास सोळाच दिवस झाले होते. पुढे अवघ्या पाच आठवड्यांत कँटन जपान्यांच्या हाती गेले, आणि त्यापाठोपाठ हँकावही पडले. डॉक्टरांचे पथक चांगशा, हँकाव, इचांग असे मागे सरत चुंगकिंगला आले. चुंगकिंगला प्रत्येकास चिनी नाव देण्यात आले. त्या प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे चीन हे अक्षर होते. कोटणीस ‘को ति-हुआ’ झाले.

याच काळात सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. पुढचा प्रवास येनानचा, म्हणजे अधिक धोक्याचा होता. परत जाण्यास यापेक्षा मोठे कारण कोणास लागते? सहकाऱ्यांनी घरी जाण्याविषयी सुचविले. परंतु कोटणिसांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. वारीच्या वाटेवर घरून निरोप आला, तरी पताका खाली न ठेवणारा वारकरी सोलापूर जिल्ह्यास अपरिचित नाही. मात्र घरी आईच्या आणि भावंडांच्या मनास त्या वेळी काय वाटले असेल, याचा हिशेब कोणत्याही गौरवग्रंथात नीट मांडता येणार नाही. त्यागाचे पुण्य एकाच्या नावावर जमा होते. त्याचा भार सर्व घर वाहते.

प्रकृती व वय यांमुळे डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९ मध्ये परतले, डॉ. अटल त्यापुढील वर्षी. कोटणीस आणि बसू जपानी फळीच्या मागे, उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात गेले. आता बोट नव्हती, आगगाडी नव्हती. पायवाट होती, आणि क्वचित घोडे. खेड्यातील देवळे व मातीची घरे हीच रुग्णालये. १९४० च्या लढाईत बहात्तर तास विसावा न घेता त्यांनी शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. कॅनडाचे सुप्रसिद्ध शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून याच मुलखात नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ चालविलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या आरंभी कोटणिसांकडे आले. ते चिनी भाषेत शिकवू लागले, लिहू लागले. तेथील परिचारिका क्वो चिंग-लान यांच्याशी १९४१ साली त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिन-हुआ. ‘यिन’ म्हणजे हिंद आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. अपस्माराच्या झटक्यांनी प्रकृती पोखरली होती. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर कोटणिसांचा अंत झाला. सेनेने एक मदतीचा हात आणि राष्ट्राने एक मित्र गमावला, अशा आशयाचे शब्द माओ त्से-तुंग यांनी त्यांच्यासाठी लिहिले.

त्या चार वर्षांत त्या सुखमार्गाचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. ‘राजपुताना’ बोटीवर १९३९ साली तोफा चढल्या, आणि १३ एप्रिल १९४१ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुडीने ती बुडविली. तिचे भावंड ‘रावळपिंडी’ त्याआधीच, नोव्हेंबर १९३९ मध्ये, तळाशी गेले होते. डिसेंबर १९४१ मध्ये पेनांगवर बाँब पडले. गोऱ्या रहिवाशांना गुपचूप हलविण्यात आले आणि चिनी, मलायी व हिंदी रहिवासी मागे राहिले. नाताळच्या दिवशी हाँगकाँग पडले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी अभेद्य मानलेले सिंगापूर शरण गेले. चीनच्या घरास लागलेली आग शेजाऱ्याची म्हणून जे डेकवरून पाहत राहिले, त्यांच्या दारापर्यंत ती तीन-साडेतीन वर्षांत येऊन पोहोचली.

इतिहासाची गती सरळ नसते, याचीही साक्ष येथेच मिळते. ज्या सुभाषबाबूंनी हे पथक पाठविले, तेच जुलै १९४३ मध्ये सिंगापुरास आले ते जपानच्या साहाय्याने आझाद हिंद फौजेचे नेतृत्व करण्यासाठी. चीनला जखमींसाठी डॉक्टर पाठविणारा नेता आणि चीनवर चालून गेलेल्या जपानशी हातमिळवणी करणारा नेता हा एकच पुरुष होता. त्यांचे साध्य स्वदेशाचे स्वातंत्र्य होते, हे खरे. पण म्हणून हा पेच झाकण्याचे कारण नाही. राजकारणाची वाट वळणे घेते. जखमेवर पट्टी बांधणाऱ्याच्या वाटेस ती वळणे नसतात. समोर जो पडला आहे, त्याच्याकडे ती जाते.

पुढे हिंदुस्थान आणि चीन यांचे संबंधही बदलले. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले. परंतु कोटणिसांच्या समाधीवर शिजियाझुआंग येथे फुले पडत राहिली, आणि सोलापुरातील त्यांच्या जुन्या घराचे स्मारक २०१२ च्या आरंभी खुले झाले. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा शांतारामबापूंचा १९४६ सालचा बोलपट जुन्या पिढीने पाहिला आहे. त्यातील करुण शेवट सर्वांच्या स्मरणात असतो. त्या कथेचा आरंभ एका विलासी बोटीच्या डेकवर झाला होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

त्या डेकवर त्या सोळा दिवसांत शेकडो माणसे होती. समुद्र सर्वांस सारखाच दिसला, बंदरे तीच लागली, दिवे तेच दिसले. बहुतेकांनी पाहिले आणि ते परतले. एकाने पाहिले, तो उतरला आणि चालत गेला. वेळापूरच्या उंचवट्यावरून दरवर्षी धावत सुटणाऱ्या वारकऱ्यांस पंढरी प्रत्यक्ष दिसते की नाही, हा प्रश्न गौण आहे. ती दिसली असे मानून ते धावतात, यातच वारीचे सार आहे. पूर्वसमुद्राच्या त्या वाटेवर सोलापूरच्या एका डॉक्टराने असाच धावा केला. वारकरी द्वादशीनंतर घरी परततो. हा वारकरी परतला नाही, एवढाच काय तो फरक.